भायाशेजारची सीट

जगनच्या गाडीत सीट हवी असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत सांगावं लागे. त्यासाठी फोनवर एक ग्रुप होता. त्यात शिरड शहापूर आणि जवळच्या दोन तांड्यांवरची एकशे बारा माणसं होती, आणि त्यातली निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची. ज्यांना लिहिता येत नसे ती बोलून पाठवत. "जगन, उद्या वसमत, डोळ्याचा दवाखाना, एक सीट, पुढली दे रे बाबा, मागं मळमळतं." असे आवाज दिवसभर त्या ग्रुपवर पडत. सात वाजता जगन यादी टाकायचा. पुढे एक, मधे तीन, मागे तीन. ज्याचं नाव ज्या ओळीत लागलं, तो त्या ओळीत. ओळीत नेमकं कुठं बसायचं हे आधी चढणाऱ्याच्या मर्जीवर.

जगन तांड्यावरचा, पंचेचाळिशीचा. पूर्वी तो जीप चालवायचा आणि तिच्यात चौदा माणसं कोंबायचा. पाच वर्षांपूर्वी त्यानं ही व्हॅन घेतली आणि ठरवलं की सातच न्यायची, आणि शक्यतो म्हाताऱ्या माणसांना न्यायचं. लोक हसले होते. पण एसटीची पहिली पायरी म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर येते, आणि जगन दाराशी येऊन लाकडी पाट ठेवतो, हात देतो, दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडतो, परत येताना दहा मिनिटं थांबतो. सवलत एसटीत होती, तरी गावातली म्हातारी माणसं जगनच्या गाडीला लागली.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पुजानं आपल्या सासूसाठी ग्रुपवर लिहिलं, "गोजरबाई, वसमत, मधली ओळ, एक." पुढची सीट ओमप्रकाशनं सकाळीच घेतली होती, त्याच्या पायाला प्लास्टर होतं. मागची ओळ गोजरबाईला चालण्यासारखी नव्हती. मागं जायला मधली सीट दुमडून, वाकून, पाय ओढून घुसावं लागे, आणि तिच्या उजव्या गुडघ्यात दीड वर्षापूर्वी वाटी बसवली होती. तो पुरता वाकत नसे.

सव्वाचारनंतर पुण्याहून स्वप्निलचा मेसेज आला. स्वप्निल म्हणजे माणिकरावांचा नातू; माणिकरावांना सगळे अण्णा म्हणत. "अण्णा, वसमत, मधली ओळ, दोन."

पुजानं विचारलं, "दुसरं कोण?"

स्वप्निलनं लिहिलं, "पिशवी. कागदपत्रं आहेत."

पुजानं ते सासूला वाचून दाखवलं. गोजरबाई चुलीपुढं बसून शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मधल्या वळीत तीन सीटा," ती म्हणाली. "दोन त्यांच्या. तिसरी माझी."

"दुसरी गाडी बघू का आत्याबाई?"

"कोणती?"

दुसरी गाडी नव्हतीच. नऊची बस त्या आठवड्यात शाळेच्या सहलीला लागली होती आणि त्यानंतरची सव्वादहाला निघे. वसमतच्या कचेरीत गोजरबाईच्या अर्जाचा पुकारा साडेदहाला होता.

माणिकराव गोजरबाईचे भाया. नवऱ्याचे थोरले भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. गोजरबाई लग्न होऊन आली ती दुष्काळाच्या पुढच्या साली, सतरा वर्षांची असताना. तेव्हापासून बावन्न वर्षांत ती भायाच्या समोर बसली नव्हती. ते ओसरीत आले की ती उठायची, पदर भुवयांपर्यंत ओढायची, भिंतीकडं तोंड करायची. त्यांच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर लेकराला सांगायची, लेकरू नसलं तर हवेत सांगायची. "जेवन झालंय म्हनावं." ते ऐकायचे आणि तेही हवेत उत्तर द्यायचे. त्यांचा चेहरा तिनं नीट कधी पाहिलाच नव्हता. पाय पाहिले होते. डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं आणि टाच बाहेरच्या बाजूनं झिजत होती, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. वर्षश्राद्ध झालं तसा निरोप आला की चिंचेचं तीन एकर वावर मोठ्या घरानं करावं, बाईमाणसाला झेपणार नाही. तिनं हवेत सांगितलं की झेपतंय. पहिले काही हंगाम झेपलंही. मग दोन वर्षांपूर्वी माणिकरावांनी त्या वावराला जाणारी गाडीवाट नांगरली, तिच्यावर स्वतःची हळद लावली आणि तोंडाशी तार ओढली. वाट त्यांच्या हिश्शातून जात होती. कागदावर ती कुठंच नव्हती, नुसती पायाखाली होती.

मागच्या साली गोजरबाईची हळद बायांनी डोक्यावर वाहून आणली, दुसऱ्याच्या बांधावरून, पाऊण किलोमीटर. एक बाई पडली, तिचं मनगट मोडलं. यंदा मुकादमानं स्पष्ट सांगितलं, ट्रॅक्टर वावरात येत असंल तर बाया देतो, न्हाई तर न्हाई. हळद आता पिवळी पडून जमिनीला टेकली होती. पंधरा दिवसांत काढायला पाहिजे होती.

वाटेसाठी तिनं तालुक्याला अर्ज दिला होता. तिथं तारखेला साहेबांनी विचारलं, "बाई, वाट पूर्वीपासून होती का? कशी होती? सांगा." समोरच्या बाजूला माणिकराव उभे होते. गोजरबाई पदर ओढून भिंतीकडं वळली. साहेबांनी तीनदा विचारलं. ती बोलली नाही. तिला वाटलं, घरी आल्यावर पुजाकडून लिहून पाठवू. साहेबांना वाटलं, बाईकडं सांगण्यासारखं काही नाही. अर्ज निकाली निघाला. आता वसमतच्या कचेरीत वरचा अर्ज होता आणि नोटिशीत लिहिलं होतं, गैरहजर राहिल्यास प्रकरण बंद करण्यात येईल.

माणिकरावांनी या तारखेला वकील सांगितलाच नव्हता. गावात ते म्हणून फिरत होते की गरज काय. आली तर बोलनार न्हाई, आणि मी बघतो येती कशी.

मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी जगनची गाडी चौकात आली. गोजरबाई चहाच्या टपरीपासून जरा बाजूला उभी होती. टपरीवर सहा-सात माणसं होती आणि त्यांनी ग्रुप वाचलेला होता.

गाडीचं डावं सरकतं दार उघडलं. उजव्या बाजूचं दार गेल्या पावसाळ्यापासून अडकलं होतं, ते अजून अडकलेलंच होतं. माणिकरावांचं घर गावाच्या वरच्या अंगाला, त्यामुळं ते आधी चढले होते. ते दाराशी बसले होते, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, काठी मांड्यांवर आडवी. पलीकडच्या खिडकीशी निळी रेक्झिनची पिशवी ठेवली होती. मधली जागा मोकळी होती. तिथं जायचं तर माणिकरावांच्या गुडघ्यांवरून जावं लागणार होतं.

गोजरबाईनं पदर ओढला.

जगननं पाट ठेवला आणि मग आत पाहिलं. "अण्णा, जरा पलीकडं सरका. मावशी दाराशी बसतील. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्या."

"मी काहून सरकू?" माणिकराव म्हणाले. "आधी चढला तो बसला. तुझाच कायदा हाय."

"पलीकडली सीट बी तुमचीच हाय की."

"तिथं पिशवी हाय."

"मांडीवर घ्या."

"तिची सीट घेतल्याली हाय. दोन सीटा, दोघं बसलो. मधी जागा मोकळी हाय, ती कोनी अडवली का? यायचं असंल त्यानं यावं, नसंल तर गाडी हाल."

मागच्या ओळीत तांड्यावरच्या तीन बायका होत्या. डोळे तपासायला निघालेल्या. त्यातली रुख्मिणीबाई सगळ्यात मोठी, सत्तरीची, दात दोनच, पण आवाज टणक. ती पुढं वाकली.

"अण्णा, पिशवीला गाडी लागती का? खिडकी पायजे का तिला?"

मागच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. माणिकराव वळले नाहीत. "रुख्मिणीबाई, आमच्या घरच्या भानगडीत तुमी पडू नका."

"घरात कुठं हाय भानगड, गाडीत हाय. माझी सीट बी ह्याच गाडीत हाय."

"मग तुमी या मधी. तिला मागं बसू द्या. मी कुठं नको म्हनलो?"

"तिचा पाय वाकत न्हाई, ठावं हाय तुमाला."

"मला काय ठावं. मी कधी बघितलं न्हाई तिच्याकडं."

हे खरंच होतं, आणि त्यानं टपरीवरच्या एकाला हसू आलं. जगननं घड्याळ पाहिलं. नऊ पंचवीस. पुढच्या सीटवरून ओमप्रकाश म्हणाला की पिशवी त्याच्याकडं द्या, तो धरतो. माणिकरावांनी पिशवीच्या बंदावर हात ठेवला आणि सांगितलं की त्या कागदांना दुसऱ्याचा हात नको.

गोजरबाई पाटाशी उभी होती. पदराखालून तिला नेहमीसारखं तेवढंच दिसत होतं. करकरीत चपला, झिजलेली टाच, काळं नख. बावन्न वर्षांचं ओळखीचं. आणि त्याच क्षणी तिला लख्ख कळलं की हे पाय इथं बसलेत ते ती घरी परत जावी म्हणून. स्वप्निलनं पैसे पिशवीच्या सीटचे भरले नव्हते. तिच्या पदराचे भरले होते. तिनं पदर धरावा, मागं फिरावं, आणि साडेदहाला कोणीतरी तिचं नाव पुकारून कागद मिटवावा. ती रीत पाळणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आणि रीत त्यांनी पाळलीच नव्हती. भावजयीला अडवायला दारात बसणारा भाया कोणत्या रितीत बसतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"मावशी," जगन हळूच म्हणाला, "मी दुसरी फेरी करतो अकराला. पैसे नका देऊ."

"अकराला काय करू येऊन," ती म्हणाली.

मग तिनं पदर मागं सारला. डोक्यावरून काढला नाही, कपाळावरून मागं घेतला, उन्हात दूरचं पाहायला घेतात तसा. आणि माणिकरावांच्या तोंडाकडं पाहिलं. एक म्हातारा माणूस होता. कानात केस होते, हनुवटीवर दाढी करताना एक पट्टा राहून गेला होता. तिला वाटलं होतं त्यापेक्षा चेहरा लहान होता.

"सरका," ती म्हणाली.

माणिकरावांनी जगनकडं पाहिलं.

"काय म्हनून राहिली ही?"

"सरका म्हनल्या," जगन म्हणाला.

"तिला सांग, मी सरकनार न्हाई."

गोजरबाईनं डावा पाय पाटावर ठेवला. डावा हात सीटच्या पाठीला लावला. उजवा पाय, तो न वाकणारा, आत घ्यायचा होता आणि त्यासाठी उजव्या हातालाही आधार हवा होता. जगन हात द्यायला पुढं झाला, पण दारात माणिकराव होते, त्याला जागा नव्हती. तेव्हा तिनं भायाच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला दाबून ठेवला, कुसाच्या भिंतीवर हात ठेवून माणूस पलीकडं जातो तसा, आणि सगळं वजन त्याच्यावर टाकून ती त्यांच्या गुडघ्यांवरून पलीकडं गेली. लुगड्याचा काठ त्यांच्या काठीत अडकला. तिनं तो सोडवला, मधल्या जागेवर बसली, आणि उजवा पाय दोन पुढच्या सीटांच्या मधल्या फटीत लांब केला.

माणिकराव दाराला चिकटले होते. खांदा त्यांनी असा आवळून धरला होता, जणू तिथं काही सांडलं असावं.

"चल जगन," गोजरबाई म्हणाली.

जगननं पाट उचलला, दार लावलं आणि गाडी काढली. आरशात त्याला चौकातली माणसं अजून तशीच उभी दिसत होती.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंनी हळदीची वावरं होती, काही ठिकाणी पाला कापून झाला होता. गोजरबाईला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. त्यांच्या खांद्यावर ठेवलेला हात तिनं मांडीखाली दाबून ठेवला. गाडी खड्ड्यात गेली की तिचा खांदा त्यांच्या दंडाला लागायचा आणि दर वेळी तिला कोणीतरी पाहिल्यासारखं वाटायचं. सासू वारून तीस वर्षं झाली होती, तरी आधी तिचाच विचार आला. मग तिच्या नाकात वास गेला. सांध्यांना लावायच्या तेलाचा. तीही तेच लावायची, त्याच दुकानातलं.

"जगन," माणिकराव पुढं पाहत म्हणाले, "तिला सांग. आज गावाम्होरं लाज सोडली. उद्या सुना तोंडावर थुकतील म्हनाव."

"जगनला काहून सांगता," गोजरबाई म्हणाली. "तो गाडी चालवून राहिला. मी हितंच हाय."

माणिकरावांनी दाराच्या काचेकडं तोंड फिरवलं.

"सुनंचं म्हनाल तर," ती म्हणाली, "माझ्या सुनंनंच सीट सांगितली. तुमच्या सुना मला रोज इचारतात, काकू, वाट कधी सुटंल म्हनून. त्यान्ला बी तुमची तार ओलांडूनच धुनं न्यावं लागतं."

"माझ्या सुना तुझ्यासंगं बोलतात?"

तो शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला. "तुझ्या". थेट. मागून रुख्मिणीबाई म्हणाली, "आता झालं. फोन लागला एकदाचा. आमी कान बंद करून घेतो, काय ते बोलून घ्या."

"गाडी थांबव," माणिकराव म्हणाले.

जगननं फाट्यावर गाडी कडेला घेतली. माणिकरावांनी दार सरकवलं, काठी बाहेर काढली, एक पाय खाली सोडला. तो जमिनीला टेकला नाही. पाट दिल्याशिवाय तो टेकणार नव्हता. फाट्यावर एक बंद पंक्चरचं दुकान होतं आणि एक शेळी. वसमत अजून अकरा किलोमीटर होतं.

"पाट देऊ का अण्णा?" जगननं विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. "पर साडेधाला पुकारा हाय तुमचा बी."

माणिकराव तसेच बसून राहिले, अर्धे आत, अर्धे बाहेर. एक मिनिट गेलं. मग पाय आत आला आणि दार बंद झालं.

"ऊन लागलं का हो अण्णा?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"तुमी गप बसा."

"मी गपच हाय. डोळेच बिघडलेत माझे, बाकी सगळं बघून राहिले."

कचेरीसमोर गाडी थांबली तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. जगननं आधी माणिकरावांना उतरवलं, कारण ते दाराशी होते, मग गोजरबाईला. तीन वाजता इथंच, असं त्यानं दोघांना वेगवेगळं सांगितलं.

पुकारा साडेदहाचा होता तो अकरा वाजून पाच मिनिटांनी झाला. साहेब तरुण होते, चष्मा वर-खाली करत कागद वाचत होते. शेजारी कारकून संगणकावर बोटं ठेवून बसला होता. माणिकरावांनी निळ्या पिशवीतून कागद काढून टेबलावर लावले. नकाशा, सातबारा, पंचवीस वर्षांच्या पावत्या, सगळं सालवार. एकाही कागदावर वाट नव्हती.

"खालच्या आदेशात लिहिलंय की बाईंनी काही सांगितलं नाही," साहेब म्हणाले. "आज सांगायचंय का काही?"

"साहेब, ती बोलनार न्हाई," माणिकराव म्हणाले. गाडीतून उतरल्यापासून त्यांनी स्वतःला बरंच सावरलं होतं. "आमच्यात भायासमोर बोलत न्हाईत. जुनी रीत हाय."

"सांगायचंय," गोजरबाई म्हणाली.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली, टेबलाच्या कडेला हात टेकून.

"वाट व्हती. एका बैलगाडीला जाईल येवढी. दोन्ही अंगाला बाभळी व्हत्या. त्या ह्यांनीच तोडल्या, धाकट्या भावाच्या दुखवट्यानंतर. पुलाखालून चढती, पह्यल्या बांधाला वळती आन् चिंचेपाशी सपती."

"काही लेखी आहे?"

"न्हाई."

"साक्षीदार?"

"जे व्हते ते मेले. जिवंत हायत ते ह्यांच्याच घरचे."

साहेबांनी माणिकरावांचे कागद पुन्हा चाळले. पावत्यांच्या गठ्ठ्यावर बोट फिरवलं. माणिकराव पाठीमागं हात बांधून उभे राहिले. गोजरबाईनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. आज दुसऱ्यांदा पाहत होती. चेहरा तिला नवा होता, माणूस नव्हता. बावन्न वर्षं भिंतीकडं तोंड करून तिनं त्यांचं बोलणं ऐकलं होतं, ओसरीतलं, पंगतीतलं, दुखण्यातलं. हा माणूस जमिनीबद्दल खोटं बोलू शकत होता, पैशाबद्दल बोलू शकत होता, भावाबद्दलसुद्धा. एका गोष्टीबद्दल त्यांना खोटं ऐकून घेता येत नव्हतं.

"साहेब, एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "लगीन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी मला वावराच्या पाया पडायला नेलं. बैलगाडीतून, त्याच वाटंनं. मधी लुगडं बांधलं व्हतं, मी मागं, हाकनारा म्होरं. हाकनाऱ्याला बैल काय आवरले न्हाईत. बांधाच्या वळनाला गाडी कलंडली. मी पडले, नारळ पडला. त्या हाकनाऱ्याला बैल हाकताच येत नव्हते, म्हनून तो दिस ध्यानात हाय."

"कुठं कलंडली?"

हे साहेब बोलले नव्हते. माणिकरावांचे बांधलेले हात सुटले होते. ते साहेबांकडं पाहत नव्हते, कारकुनाकडंही नव्हते. थेट तिच्याकडं पाहत होते.

"कुठं कलंडली गाडी? माझ्या हातून आजपातुर एक गाडी कलंडली न्हाई. ती जोडी कंधारच्या बाजारातली, पंचक्रोशीत कोनाच्या हाती लागत नव्हती, मी नुसती जीभ वाजवली की वळायची. पुलापासून चिंचेपातुर एका दमात नेली, वाटंवरचा खडा हालला न्हाई. नारळ पडल्याचा आवाज बी आला न्हाई. हाकता येत नव्हते म्हनती."

साहेबांनी चष्मा वर केला.

"म्हणजे गाडी तुम्ही हाकत होता," साहेब म्हणाले.

"मग कोन? मीच."

"पुलापासून चिंचेपर्यंत. त्या वाटेनं."

माणिकरावांनी टेबलावरचा नकाशा सरळ केला. मग म्हणाले, "तवा व्हती. आता न्हाई."

"दोन्ही वाक्यं घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले. "त्यांच्याच शब्दांत."

कारकुनानं टाइप केलं, छापून काढलं, वाचून दाखवलं. माणिकरावांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं. सही करताना त्यांनी पेन इतकं दाबलं की कागद फाटतो की काय असं कारकुनाला वाटलं. साहेबांनी सांगितलं की गुरुवारी जागेवर माणूस येईल, वाटेच्या खुणा बघेल, दोघांनी हजर राहायचं, आणि हळद निघायच्या आत आदेश होईल. तोवर तारेला हात लावायचा नाही, म्हणजे नवी ओढायची नाही.

बाहेर व्हरांड्यात गर्दी होती. गोजरबाई भिंतीच्या कडेनं निघाली. जिन्याच्या तोंडाशी तिला मागून काठीचा आवाज आला. पूर्वी त्या आवाजाला ती थांबून वळली असती. ती चालत राहिली. काठी जवळ आली.

"गाडी कलंडली नव्हती," माणिकराव म्हणाले.

"ठावं हाय मला."

"मग साहेबाम्होरं खोटं काहून बोललीस?"

"तुमी खरं बोलावं म्हनून."

त्यांनी काठीची मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गुरुवारी येऊ दे त्याला," ते म्हणाले. "बाभळीचा एक बुंधा दिसनार न्हाई त्याला तिथं. बघतो मी."

"बघा," ती म्हणाली. "मी बी तिथंच हाय. पहाटंपासून."

जिना अठरा पायऱ्यांचा होता. उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कठड्याला धरून, उजवा पाय आधी टाकत, ती खाली निघाली. आठव्या पायरीवर थांबून तिनं पुजाला फोन लावला आणि ट्रॅक्टर वावरात येतोय असं कळवून मुकादमाला शनिवारपासून बाया सांगायला सांगितल्या.